जुनी गाडी चढावर बंद पडते? आधी टाकीचं झाकण बघा

सकाळी एका किकमध्ये सुरू होते, आठ-दहा किलोमीटर झकास पळते. चढ लागला की मिसिंग मारायला, म्हणजे अडखळायला लागते आणि गपकन बंद. रस्त्याकडेला लावून चार-पाच मिनिटं थांबावं, किक मारावी, तर जसं काही झालंच नाही! येझदी, राजदूत, आरएक्स १०० अशा जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्यांना हा तमाशा नवा नाही. मी तो खंबाटकी घाटात पाहिला. त्यापायी प्लग बदलला, कार्बोरेटर (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दोनदा उघडला. दोष निघाला तो टाकीच्या झाकणात, ट्यूबचं रबर कापून मीच हौसेनं बसवलेल्या वॉशरमध्ये. वॉशर छान घट्ट बसला होता, फक्त हवेची वाट त्याच्याखाली गाडली गेली होती.

या गाड्यांत टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं. जितकं उतरेल तितकी हवा वरून आत यायला हवी, आणि ती येते झाकणातल्या बारीक भोकातून. टाकीतल्या पेट्रोलची कार्बोरेटरपासूनची उंची वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर धरा. एवढ्या पेट्रोलचा दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम दीड टक्का भरतो. आतला दाब तेवढा घटला की धार थांबली. टाकीत ४ लिटर जागा रिकामी असेल तर कागदावर ६० मिली पेट्रोल खर्चणंही त्याला पुरतं. प्रत्यक्षात गाडी याहून लांब जाते, कारण पेट्रोलची वाफ ती जागा थोडी भरून काढते आणि झाकणही कुठून तरी थोडी हवा सोडतं. टाकी फुल असेल तर रिकामी जागाच कमी, म्हणून दुखणं लवकर उपटतं. मग लोक पंपवाल्याला शिव्या घालतात.

पहिली चूक इथेच होते: तपासण्याआधी कार्बोरेटर खोलणं. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा (विडी-सिगारेट लांब ठेवून). 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर रोग सापडला. झाकण उघडूनही फरक पडला नाही आणि इंजिन गार झाल्यावरच सुरू झाली, तर प्लगला स्पार्कची वीज देणाऱ्या कॉइलवर संशय घ्या. गरम झाल्यावर स्पार्क सोडणारी कॉइल अगदी हेच सोंग आणते. घरी, गार इंजिनवर, मोकळ्या जागी आणखी खात्री करता येते. कॉकची, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची नळी कार्बोरेटरकडून काढून बाटलीत सोडा आणि झाकण लावून धार बघत राहा. धार बारीक होत गेली आणि झाकण सैल करताच जोरात आली, तर झाकणच. झाकण उघडं असूनही धार मरतुकडी असेल तर कॉकच्या जाळीत गंज बसलाय.

'थोडी थांबवून चालवतो की' म्हणत महिने काढणं ही त्याहून महागडी चूक. राजदूत किंवा साध्या येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पोचलं म्हणजे ऑइलही कमी, तेही चढावर, इंजिन तापलेलं असताना. पिस्टन जाम व्हायला याहून चांगला मुहूर्त नाही.

झाकणात सुई-तार खुपसू नका. बऱ्याच झाकणांत ही वाट सरळ नसते, आत वळणं घेत जाते. तारेनं मळ आणखी आत ठासला जातो. झाकण काढून थोडा वेळ पेट्रोलमध्ये बुडवा, ब्रशनं घासा, हलक्या हवेनं फुंका. ड्रिलनं भोक मोठं करणं तर नकोच: पावसात पाणी आत, ब्रेक मारला की पेट्रोल बाहेर, आणि खाली तापलेलं इंजिन. झाकण गळतं म्हणून सिलिकॉन फासणारेही भेटतात. गळती थांबते, हवाही थांबते. मूळ मापाचा वॉशर घ्या. पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, ते फुगतं आणि वाट दाबतं. हौशी माणसांनी पॉलिश आणि रेक्झिनचं टाकी-कव्हरही तपासावं. भोकात सुकलेलं पॉलिश मी स्वतः टोकरून काढलंय.

याच दोषाचं उलटं रूपही असतं. गाडी उन्हात उभी राहिली की आतली वाफ फुगते, बाहेर पडायला वाट नसते, मग ती पेट्रोल खाली रेटते. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की ते अडवणारी फ्लोटची सुई थोडी जरी झिजलेली असेल तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. कॉक बंद ठेवा आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका.

झाकण स्वच्छ निघालं आणि तक्रार तशीच असेल, तर कार्बोरेटरच्या बाजूच्या बारीक नळ्या बघा. फ्लोटच्या वाटीलाही हवा लागते, ती तिथून जाते. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशीनं त्या नळीत मातीचं घर केलेलं सापडू शकतं.