बाबांच्या एफडीवर कापलेला टीडीएस परत कसा आणायचा

"पेन्शन ती केवढीशी, मला कशाला रिटर्न?" हे आमच्याकडे दर जूनला होतंच. पण बँकेने टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच आगाऊ टॅक्स, कापलाय तर रिटर्न भरल्याशिवाय तो परत येत नाही, एवढं साधं आहे. खाली सगळं आर्थिक वर्ष 2025-26 चं, म्हणजे ज्याचं रिटर्न 31 जुलै 2026 पर्यंत भरायचंय.

आधी हिशोब बघा म्हणजे घरच्यांना पटवायला सोपं जातं. समजा बाबा सत्तरीचे, वर्षाची पेन्शन 4 लाख 20 हजार, एका बँकेतल्या एफडीचं व्याज 2 लाख. ज्येष्ठांचं व्याज एका बँकेत वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं की बँक 10 टक्के कापते, म्हणजे 20 हजार गेले. आता नव्या रिजीममध्ये (करपद्धतीत) पेन्शनवर 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, उरले 5 लाख 45 हजार, आणि 12 लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्समध्ये सूट, असल्यामुळे टॅक्स शून्य. अख्खे 20 हजार परत. जुन्या रिजीममध्ये 50 हजार स्टँडर्ड, व्याजावर 80टीटीबी या ज्येष्ठांसाठीच्या कलमाचे 50 हजार वजा करूनही 5 लाख 20 हजार उरतात, 5 लाखांची रेघ ओलांडली की रिबेट गेला आणि सेस (टॅक्सवरचा जादा कर) धरून 14,560 भरा. मेडिक्लेमचा हप्ता दाखवून तिथेही शून्यावर येता येईल कदाचित, पण मग पावत्या शोधत बसा.

घाई करून एप्रिलमध्येच बसू नका. बँकांना शेवटच्या तिमाहीचा टीडीएस कळवायला 31 मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 26एएस (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) आणि एआयएस (वर्षभराच्या उत्पन्नाची, व्यवहारांची यादी) दोन्ही डाउनलोड करा आणि बँकेच्या व्याजाच्या सर्टिफिकेटशी एकेक आकडा जुळवून बघा. खरं काम हेच, फॉर्म भरणं वीस मिनिटांचं आहे.

आणि इथेच सगळ्यांची गाडी अडते ती म्हणजे क्युम्युलेटिव्ह एफडी. पाच वर्षांनी एकदम पैसे मिळणार म्हणून बाबा म्हणतात अजून हातात दमडी आली नाही मग उत्पन्न कसलं, पण बँक दरवर्षी व्याज जमा धरते आणि त्यावर टीडीएस कापते, तर ते त्या त्या वर्षी दाखवायचं. मी पहिल्या वर्षी बाबांचं ऐकलं आणि मग रिव्हाइज्ड, म्हणजे दुरुस्त केलेलं, रिटर्न भरत बसले. जॉइंट एफडीत टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातो, आईचं नाव पहिलं असेल तर बाबांच्या 26एएसमध्ये शोधून उपयोग नाही.

पेन्शन, व्याज आणि एखादं घर एवढंच असेल तर रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म, आयटीआर-1, चालतो. शेअर विकलेत तर जपून, त्या नफ्यावरच्या टॅक्सला हा 12 लाखांचा रिबेट लागत नाही. आईला बाबांमागे फॅमिली पेन्शन असेल तर ती पगारात नाही, इतर उत्पन्नात टाकायची, तिथे स्टँडर्ड डिडक्शनचे 75 हजार मिळत नाहीत, नव्या रिजीममध्ये पेन्शनचा एक तृतीयांश किंवा 25 हजार यातलं कमी असेल ते वजा होतं.

फॉर्ममध्ये प्रश्न उलटा विचारलाय: नव्या रिजीममधून बाहेर पडायचंय का? नवीच हवी असेल तर 'नो'. रिफंडचं बँक खातं पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट (पडताळून) करून ठेवा, आणि त्यावरचं नाव पॅनशी जुळतंय ना ते बघा.

सबमिट केलं म्हणजे संपलं नाही हां! 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, म्हणजे रिटर्न आपलंच आहे हे ऑनलाइन पक्कं करायचं, आधारच्या ओटीपीने होतं, पण आधारला जुना बंद पडलेला मोबाइल नंबर असला की रडारड, म्हणून नंबरचं आधी बघा.

काही आठवड्यांनी 143(1)ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून झाल्याची सूचना, मेलवर येते, ती उघडायचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख. या दिवसांत "तुमचा रिफंड मंजूर, लिंकवर क्लिक करा" असे एसेमेसही येतात. तेवढं मात्र बाबांना बसवून सांगा, रिफंड थेट खात्यात येतो, त्यासाठी कुणाला ओटीपी द्यावा लागत नाही.