स्वीडिश ‘फो’ वापरताना या चुका टाळा

संध्याकाळी मी नव्याने आलेल्या मराठी मंडळींना स्वीडिश शिकवते. दर वर्षी वह्यांमध्ये तेच: ‘फो = मिळणे’. ॲपवर कार्ड फिरवलं, शब्द पाठ झाला, पुढे! या घाईचा मला मनापासून राग येतो.

‘या फिक एत ब्रेव’ म्हणजे मला पत्र मिळालं, इथवर ठीक. (फोर वर्तमानकाळ, फिक भूतकाळ.) पण मागोमाग दुसरं क्रियापद आलं की अर्थ फिरतो. ‘दू फोर गो’ म्हणजे ‘तू गेलास तरी चालेल’, नाहीतर ‘तुला जावं लागेल’.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा फॉर्म परत केला आणि हसून म्हणाल्या, ‘दू फोर कोमा तिलबाका पो मोंदाग.’ मी समजले, सोमवारी आलात तरी चालेल. गुरुवारी गेले. तोवर अर्ज बाजूला पडला होता. सगळं पहिल्यापासून भरावं लागलं आणि सहा आठवडे हातचे गेले. त्यांनी सांगितलं होतं, ‘सोमवारी यावं लागेल.’ आवाजात जरब नव्हती, म्हणून मी फसले. इथे सक्तीही अशीच मऊ बोलतात.

इंग्रजीतून जाऊच नका, मराठीत याची जोडी तयार आहे: जायला मिळालं आणि जावं लागलं. ‘या फिक ओका मेद’, मला सोबत जायला मिळालं. बस आली नाही आणि ‘या फिक गो हेम’, मला घरी चालत जावं लागलं. मी स्वतःला एकच विचारते: हे त्या माणसाला हवं होतं का?

मनाईसाठी ‘मोस्ते इंते’ (मोस्ते म्हणजे ‘लागणे’, इंते म्हणजे ‘नाही’) म्हणू नका, ऐकणाऱ्याला ‘गरज नाही’ असं वाटतं. सामाईक धुलाईखोलीच्या दारावर ‘फोर इंते’ दिसलं, तर तिथे खरोखर मनाई आहे.

‘फो’ लिहिताना (få) a वरचं वर्तुळ गाळू नका. ते नक्षीकाम नाही, वेगळं अक्षर आहे. वर्णमालेत झेडनंतर येतं.

‘फोर’ म्हणजे मेंढीसुद्धा. त्या शब्दाचा या क्रियापदाशी संबंध नाही.

व्युत्पत्ती कंटाळवाणी म्हणून सोडतात, तिथेही चुकतात. मुळात हा शब्द पकडण्याचा. जर्मन ‘फांगेन’ याच कुळातला, स्वीडिश ‘फोंगे’ म्हणजे कैदीही. जुन्या पुस्तकांत अनेकवचनी ‘ते’साठी ‘फिंगो’ असं भूतकाळी रूप भेटतं, त्यात ‘फांगेन’मधला तो अनुनासिक अजून ऐकू येतो. ‘फो ताग ई’ म्हणजे हाती लागणं, ‘फो स्यून पो’ म्हणजे नजरेला पडणं; दोन्हींत जुनी पकड शिल्लक आहे. पकडलेलं आपलं होतं, आपल्या वाट्याला येतं, आणि वाट्याला कधी संधी येते, कधी सक्ती.

म्हणून पहिल्या दिवशी मी ‘फो = मिळणे’वर काट मारायला लावते. खाली तीन पूर्ण वाक्यं लिहायची, शेवटचं ‘वी फोर से’: बघू.