पेव, सडा, आणेवारी... आपल्याच शब्दांबाबत या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडची पोरं आता रील, पोस्ट, बातम्या सगळं मराठीत लिहायला लागलीत हे मला मनापासून आवडतं. पण शेतातले आणि गावगाड्यातले काही शब्द भलत्याच अर्थानं फिरतायत, आणि काही ठिकाणी तर त्यापायी माणसाचं नुकसानही होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात पेवापासून करू. "फसव्या ॲपचं पेव फुटलंय", "गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलंय" असं सारखं वाचून बऱ्याच जणांना वाटतं की पेव म्हंजे रोगराई नाहीतर किडीचा काहीतरी प्रकार. तसं अजिबात नाहीये. पेव म्हंजे जमिनीखाली खणलेलं कोठार, तोंडाला अरुंद आणि आत ऐसपैस. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशेजारी, हळद साठवायची अशी पेवं होती, तिथली माती घट्ट असल्यामुळं ती ढासळत नसत, आणि एकदा माल भरून तोंड लिंपलं की आत हवा नाही, मग किडा जगत नाही आणि हळद टिकून राहते. २००५ च्या महापुरात त्यांच्यात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली, आता माल गोदामात नाहीतर कोल्ड स्टोरेजला जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण ही हळद ज्यात राहायची त्या पेवाचं नाव आपण शिवीसारखं वापरतो याचं मला वाईट वाटतं. आत दाबून भरलेलं एकदम भसाभस बाहेर आलं की पेव फुटलं, एवढाच त्याचा अर्थ. लिहिताना तो ध्यानात ठेवा. आणि हो, कुठं जुनं पेव सापडलं तर तोंड उघडल्या उघडल्या आत उतरू नका, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. जाणती माणसं आधी तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडून बघायची, आणि तो विझला तर कुणालाही उतरू द्यायची नाहीत.

सडा शब्दाचं तर लईच झालंय. कासला जाऊन आलेले लोक "पठारावर फुलांचा सडा" असं कॅप्शन टाकतात, वाचायला छान वाटतं, पण आपल्या घाटमाथ्यावर सडा म्हंजे जांभ्या कातळाचं उघडं सपाट पठार, पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरच्या नावात आहे तोच हा सडा. अंगणात घालतात तो सडा वेगळा. नीट समजून न घेतल्यामुळं होतं काय, की हे नुसतं दगडाचं मोकळं मैदान आहे असं समजून लोक गाड्या घालतात, फोटोसाठी लोळतात. कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यात खत असं नाहीच, म्हणून तर सीतेची आसवं या नाजूक फुलांची रोपं बारीक जीव पकडून खातात, आणि वायतुरा नावाच्या इथल्या फुलाच्या शास्त्रीय नावातच आपला सातारा आहे. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे ते या कातळासकट.

असाच एक शब्द सातबाऱ्यावर असतो, पोटखराब. खराब दिसलं की लोक म्हणतात जमीन वाया गेली, आणि एजंटही तेच सांगून भाव पाडतात. अहो, गटाच्या, म्हंजे त्या नंबरच्या जमिनीच्या पोटात जेवढा भाग लागवडीला येत नाही तेवढ्याची ती नोंद आहे, सगळ्या गटाची नव्हे. त्यात वर्ग अ आणि वर्ग ब असतात. अ म्हंजे खडकाळ, नाल्याचा वगैरे भाग, तो सुधारून तुम्ही पिकाखाली आणला असेल तर अर्ज करून लागवडीयोग्य क्षेत्रात घेता येतो. ब म्हंजे रस्ता, कालवा, तलाव असं सार्वजनिक कामाचं, त्याच्या नादाला लागू नका.

आणेवारी जत, आटपाडी, माण, खटावच्या माणसाला वेगळी सांगायला नको, पण शहरातल्या नातेवाइकांना "५० पैशांच्या आत आणेवारी" म्हंजे सरकारनं एकरी पन्नास पैसे दिले असं वाटतं. पूर्ण पीक म्हंजे सोळा आणे, एक रुपया, आणि त्यातलं यंदा किती आलं त्याचा हा अंदाज. आता कागदावर पैसेवारी म्हणतात, आणि ती ५० च्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. म्हणून गावची नजरअंदाज, म्हंजे नजरेनं काढलेली पहिली पैसेवारी जाहीर झाली की लगेच बघा, सुधारित आणि अंतिम नंतर येते, हरकत घ्यायची तर वेळेत घ्या. जुन्या उताऱ्यात नावापुढं "४ आणे" असेल तर मात्र तो हिस्सा आहे, चौथाई, त्याचा पिकाशी संबंध नाही. भावाभावांत यावरून उगाच भांडणं होतात.

गायरान म्हंजे बेवारस रान नव्हे. गावच्या जनावरांच्या चराईसाठी राखलेली ती जमीन, सगळ्या गावाची. कुणी "गायरानातला प्लॉट स्वस्तात देतो, नंतर नावावर होईल" म्हणालं तर पैसे देऊ नका, गावाच्या अशा सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असं सुप्रीम कोर्टानं २०११ साली राज्यांना सांगितलेलं आहे.

बलुतं हे जातीचं नाव नाही, सुगीला कामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा तो, आणि तो घेणाऱ्या बारा बलुतेदारांची यादीही गावोगाव वेगळी असायची, त्यामुळं एकच यादी खरी म्हणून वाद घालू नका.

शेवटचं, गुंठा आणि आर. बोलताना दोन्ही एकच धरतात, पण गुंठा १०८९ चौरस फूट आणि आर साधारण १०७६. एक-दोन गुंठ्यात कळत नाही, पण एकर (म्हंजे ४० गुंठे) म्हणून ४० आर घेतलं तर जवळजवळ अर्धा गुंठा कमी येतो. दस्तात माप चौरस मीटरमध्ये लिहून घ्या.