भाडेपट्ट्याची जागा की घरचा जुना वाडा? नाशकात घर ठरवताना या चुका टाळा

आमच्या घरात हा विषय दोन वर्षं चालला. जुन्या नाशकात आजोबांचा वाडा, अर्धा पडका, अर्धा राहता. भाऊ म्हणायचा, सिडकोत (सरकारी महामंडळाने वसवलेल्या नवीन नाशकात) घर घेऊ, तेवढ्याच पैशात वर गच्चीही मिळेल. आई म्हणायची, वाडाच नीट करू. मी वहीत आकडे मांडत बसलो. किंमत, कर्ज, हप्ता, दुरुस्ती, सगळे रकाने होते. कोणत्या जागेवर आमचा नेमका किती हक्क, हा रकानाच नव्हता. बाकीच्या चुका त्यातूनच निघाल्या.

घर घेतलं म्हणजे जमीन घेतली असं समजणं

सिडकोने वसवलेल्या नवीन नाशकातली घरं मुळात भाडेपट्ट्याच्या, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी वापरायला दिलेल्या जमिनीवर उभी राहिली. सातपूर-अंबडचे एमआयडीसीचे (औद्योगिक वसाहतीचे) भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्यावर असतात. विकणारा ‘९९ वर्षांचा करार आहे’ म्हणतो तेव्हा ती वर्षं तुमच्यापासून मोजायची नसतात. करार १९८०चा असेल तर मुदत २०७९ला संपते, मग मधे घर कितीही वेळा विकलं गेलेलं असो. म्हणून मूळ पट्टा मागा आणि तो शेवटच्या पानापर्यंत वाचा. हस्तांतरणाला कोणाचं ना-हरकत लागतं, त्याचं शुल्क किती, वापर बदलता येतो का, मुदत संपल्यावर बांधकाम कोणाचं, हे सगळं तिथेच असतं. कर्ज काढायचं असेल तर शिल्लक वर्षं बँकही मोजते.

‘लवकरच फ्रीहोल्ड (जमीन पूर्ण मालकीची) होणार आहे’ या वाक्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. महसूल खात्याने दिलेल्या काही वर्ग-२ (विक्रीवर सरकारी बंधन असलेल्या) आणि पट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-१, म्हणजे बंधनमुक्त करायची सोय नियमांत आहे. पण तुमची जागा त्यात बसते की नाही, ते तुमच्या मिळकत पत्रिकेवरून (शहरातल्या जागेच्या सरकारी हक्कनोंदीवरून) ठरेल. एजंटच्या सांगण्यावरून ठरत नाही.

पंचवटीच्या बाजूला जागा पाहत असाल तर आणखी एक गोष्ट. मालक एखादा सार्वजनिक न्यास असेल, तर बिगरशेती जागेचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध होत नाही. विश्वस्त ओळखीचे आहेत, सज्जन आहेत, तरी परवानगीचा आदेश हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नका. उताऱ्यावर ‘देवस्थान इनाम’ (देवस्थानाला इनाम दिलेली जमीन) दिसलं, तर तिथेच थांबून वकील गाठा.

पट्टा म्हणजे मुद्रांक कमी, हा समज

भाडेपट्टा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अकरा महिन्यांचा भाडेकरार येतो. महाराष्ट्रात २९ वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने मुद्रांक लागतो. म्हणजे खर्च जवळपास विकत घेण्याएवढाच. आमच्या वहीतली बचत या एका ओळीने गेली.

कुलमुखत्यारपत्रावर घर घेणं

हस्तांतरण शुल्क वाचवायला मुखत्यारपत्रावर घरं हातोहात फिरतात. अशा कागदाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच स्पष्ट केलं आहे. घेऊन बसला असाल, तर मूळ पट्टेदार हयात आहे तोवर त्याला गाठा, थकलेलं शुल्क भरा आणि रीतसर नोंदणीकृत दस्त करून घ्या. तो गेला की वारसांच्या दारात उभं राहावं लागतं.

वाटणीआधी वाड्यात पैसा घालणं

इथे आम्ही पुरते चुकलो. मागच्या दोन खोल्या आम्ही नीट करून घेतल्या, न्हाणीघर बांधलं आणि मग आत्याने विचारलं, ‘माझं काय?’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे तीही वारस. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाएवढाच हक्क, हे महाराष्ट्राने १९९४च्या दुरुस्तीत आणलं आणि २००५मध्ये ते देशभर झालं. वडील २००५च्या आधी वारले असले तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं. ‘बहिणी काही मागत नाहीत’ हे घरात म्हणायला ठीक आहे. बँक आणि महापालिका मात्र सगळ्यांच्या सह्या मागतात.

तेव्हा आधी सिटी सर्व्हेच्या (नगर भूमापन) कार्यालयात जाऊन मिळकत पत्रिका काढा आणि वारसांची नोंद लावा. मग सगळ्यांना एकत्र बसवून वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करा, तेही नोंदणी करूनच. पैसा आधीच घातला असेल तर बिलं जपून ठेवा आणि तो खर्च कसा धरायचा ते वाटणीपत्रातच लिहून घ्या. वाड्यात जुना भाडेकरू असेल तर त्याच्याशीही लेखी बोलणं हवं. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या माणसाला ‘काम होईपर्यंत दुसरीकडे राहा’ एवढं तोंडी सांगून भागत नाही.

मातीच्या भिंतीला सिमेंट

वाड्याच्या भिंती माती-चुन्याच्या. त्या ओल शोषतात आणि सोडतात. आमच्या गवंड्याने त्यावर सिमेंटचा गिलावा मारला, दिसायला झकास. पुढच्याच श्रावणात भिंतीला खालून वर ओल चढली आणि गिलावा फुगून पापुद्रे सुटले. ओल आत कोंडली होती. शेवटी तो सगळा खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. माळवद (मातीचं सपाट छप्पर) काढून लाकडी खांबांवर स्लॅब टाकायचा विचार तर संरचना अभियंत्याने खांब, तुळया, वाळवी तपासल्याशिवाय करूच नका. पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडे पडतात, त्यात माणसं राहत असतात. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर ती फाईलमध्ये लावून ठेवू नका.

पूररेषा न बघणं

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाण्याची पातळी सांगतो. घर घेताना मात्र नकाशा बघत नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण २००८, २०१६, २०१९, ही पुराची वर्षं नाशिककरांना तोंडपाठ आहेत. वाडा निळ्या रेषेच्या आत असेल तर बांधकामावर कडक बंधनं येतात, म्हणून नगररचना विभागाचा अभिप्राय आधी घ्या. विकास आराखड्याचा भाग नकाशाही त्याच वेळी मागा, जागेवर रस्ता-बागेसारखं आरक्षण आहे का ते कळेल. २०२७चा सिंहस्थ जवळ आला म्हणून भाव वाढतील, आठ दिवसांत व्यवहार करा, असं कोणी म्हणालं तरी हे दोन कागद येईपर्यंत थांबा.

कर्जाचं एकच सांगतो. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या खरेदी-बांधकामाच्या कर्जावर वर्षाला २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट मिळते, दुरुस्तीच्या कर्जावर फक्त ३० हजार. दोन्ही हप्ते शेजारी ठेवताना हा फरक धरा.

आम्ही शेवटी वाडाच ठेवला. आत्याने हक्क सोडला नाही, सोडावा असं आम्ही म्हटलंही नाही. चौकाकडची खोली वाटणीपत्रात तिच्या नावावर आहे आणि तिथल्या गिलाव्याचा चुना भिजत घातलेला आहे.