फळांच्या रसावर हर्डल प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला हर्डल टेक्नॉलॉजी, म्हणजे अनेक सौम्य उपाय एकत्र वापरून रस टिकवणं, हा विषय मिळाला की बहुतेक जण आधी संरक्षक द्रव्यांची यादी करतात. त्याआधी पीएच मीटर कॅलिब्रेट करा आणि रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितका रस आंबट), मोजा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

सोडियम बेंझोएट हे संरक्षक द्रव्य घ्या. जीवाणूच्या आत शिरतं ते बेंझोइक आम्लाचं अखंड, विघटन न झालेलं रूप. पीएच ४.२ ला ते निम्मं असतं, ३.२ ला सुमारे ९० टक्के, ५.२ ला जेमतेम ९ टक्के. म्हणून डाळिंबाच्या रसात लागू पडणारी मात्रा उसाच्या रसात जवळपास वाया जाते. तिथे आधी लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालून पीएच उतरवावा लागतो. पावडर थेट आंबट रसात टाकू नका, बेंझोइक आम्लाचे पांढरे कण सुटून तळाशी बसतात. १० ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलि करा. त्यातलं १ मिलि १०० मिलि रसात ढवळत घातलं की लिटरला साधारण १ ग्रॅम होतं. ही प्रयोगातली मात्रा झाली. विक्रीच्या रसासाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेची चालू मर्यादा पाहा.

१९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ या घातक जीवाणूची साथ आली. तिथल्या २००१ च्या ज्यूस हॅसॅप नियमात, म्हणजे रसातले धोके आधीच ओळखून रोखण्याच्या नियमात, ५ लॉग घट बंधनकारक झाली. एक लॉग म्हणजे दहापट घट, तेव्हा ५ लॉगला लाखात एकच जीवाणू उरावा. कॉलेजच्या लॅबमध्ये हा रोगजंतू आणू नका, ई. कोलायचा निरुपद्रवी प्रकार एटीसीसी २५९२२ वापरा. तो १ टक्का ग्लुकोज असलेल्या ट्रिप्टिक सॉय ब्रॉथ या पोषक द्रवात १८ तास वाढवा. वाढताना तो स्वतःच आम्ल तयार करतो आणि आम्लाला सरावतो. न सरावलेल्या जीवाणूंवर आलेला निकाल फसवा असतो, कारण ते फार सहज मरतात. रसात सुरुवातीला मिलिलिटरला एक कोटी जीवाणू हवेत, नाहीतर ५ लॉगची घट मोजताच येणार नाही.

चार गट ठेवा: साधा रस, फक्त बेंझोएट, फक्त ५५ अंशांची उष्णता, आणि दोन्ही. समजा बेंझोएटने अर्धा लॉग, उष्णतेने दीड आणि दोन्हींनी मिळून चार लॉग घट आली, तरच दोघं एकमेकांचं बळ वाढवतात असं म्हणता येईल. दोनच आली तर ती नुसती बेरीज. टेस्टट्यूब वॉटरबाथमध्ये रसाच्या पातळीच्या वरपर्यंत बुडालेली हवी. काचेला वर चिकटलेले थेंब तापत नाहीत, त्यातले जीवाणू वाचतात आणि आलेखाला शेवटी उगाच शेपूट येतं. वेळ मोजायची ती दुसऱ्या एका ट्यूबमधल्या रसाच्या मध्यभागी ५५ अंश भरल्यावर.

क्रमही महत्त्वाचा. बेंझोएट आधी, मग उष्णता, फ्रिज शेवटी. उलट केलंत तर ४ अंशांवर आम्ल आणि बेंझोएट दोन्ही मंदावतात. अशा थंड रसात ई. कोलाय वाढत नाही, पण लवकर मरतही नाही.

प्लेटिंगच्या वेळी, म्हणजे जीवाणू प्लेटवर वाढवून मोजताना, फक्त मॅकॉन्की अगार या निवडक माध्यमावर विसंबू नका. अर्धमेल्या पेशींना त्यातले पित्तक्षार सोसत नाहीत, म्हणून प्लेट कोरी दिसते, पण जीवाणू जिवंत असतात. ट्रिप्टिक सॉय अगार या साध्या माध्यमावरही प्लेटिंग करा. दोन्ही आकड्यांत जो फरक पडतो त्या जखमी पेशी. ४ अंशांवर ठेवलेला रस १, ३, ७ आणि १४ व्या दिवशी पुन्हा तपासा, म्हणजे त्या सावरतात की मरतात ते कळेल.