कर्नल स्वतः कंपाइल केला तर मशीन पळेल का?

आमच्याकडे इंटर्नशिपला येणारी मुलं पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच विचारतात, "सर, प्रोसेसर आठ कोअरचा आहे. कर्नल आपणच कंपाइल केला तर मशीन पळेल ना?" कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला थर; कंपाइल करणं म्हणजे त्याच्या सोर्स कोडपासून तो स्वतः तयार करणं. आम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी (ओतीव कारखान्यांसाठी) कॅमेऱ्याने कास्टिंग तपासायचं सॉफ्टवेअर करतो. माझं उत्तर त्या कामातून आलेलं आहे.

नुसता वेग हवा असेल तर फारसं काही हाती लागत नाही. डेबियन किंवा उबुंटूसारख्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या तयार संचाचा) तयार कर्नल सगळे कोअर वापरतोच. स्वतः कंपाइल केल्यावरच सगळे कोअर कामाला लागतात, ही समजूत जुन्या काळातून आली आहे. लिनक्स एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर चालू लागलं ते १९९६ च्या २.० आवृत्तीपासून, पण तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक होतं आणि एका वेळी एकच प्रोसेसर आत शिरू शकायचा. ते हळूहळू फोडत नेलं आणि २०११ मध्ये २.६.३९ ला त्याचा शेवटचा अंश काढला. मधल्या वर्षांत एका प्रोसेसरचा कर्नल वेगळा आणि अनेकांचा वेगळा मिळायचा. तेव्हाचे सल्ले आजही फिरतात.

आणि तुमचा प्रोग्रॅमच एका थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, लिहिला असेल, तर बाकीचे सात कोअर कोणताही कर्नल कामाला लावू शकत नाही. आधी तिथे बघा. मग सीपीयूचा गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसर किती वेगाने चालवायचा हे ठरवणारी सेटिंग, बघा. कितीतरी वेळा एवढ्यावरच काम भागतं.

खरा फरक पडतो तो प्रतिसादाच्या वेळेत. पट्ट्यावरून कास्टिंग पुढे सरकतंय, सेन्सरने इशारा दिला, आणि त्याच क्षणी कर्नल दुसऱ्या कामात अडकला, तर फोटो चुकतो. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी तो एक नग न तपासता पुढे गेला. अशा जागी प्रीएम्प्शनचा, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून तातडीचं काम आधी घेण्याचा, पर्याय बदलणं सार्थकी लागतं. वर्षानुवर्षं वेगळा पॅच म्हणून लावावा लागणारा रिअल-टाइम पर्याय २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आला. कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूमध्ये ('मेक मेन्यूकॉन्फिग') तो दिसत नसेल तर आधी 'एक्स्पर्ट' पर्याय चालू करा. बदल्यात एकूण कामाचा उरक थोडा घटतो, त्यामुळे सर्व्हरवर हा पर्याय मी कधीच सुचवत नाही.

आता करून बघायचं असेल तर. बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल (निवडलेल्या पर्यायांची यादी) कर्नलच्या सोर्स फोल्डरमध्ये आणा आणि 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा. त्या घडीला लोड असलेलीच मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) तो ठेवतो, म्हणून कॅमेरा, पेनड्राइव्ह, प्रिंटर, जे जे लागतं ते आधी जोडून ठेवा. उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये सर्टिफिकेट फाइलचा पत्ता असतो. ती फाइल तुमच्याकडे नसते आणि बिल्ड तिथे थांबतं, तेव्हा ती ओळ रिकामी करा. डीबगची माहिती बंद केली की डिस्कवरची बरीच जागा वाचते. मग 'मेक' ला 'जे' पर्यायातून कोअरांचा आकडा द्या. रॅम कमी असेल तर तो आकडा उतरवा, नाहीतर स्वॅपिंगमध्ये, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर हलवण्यात, सगळा वेळ जाईल. सिक्युअर बूट (सुरू होताना डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला कर्नल सुरूच होत नाही. जुना कर्नल ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीतून, काढू नका.

मोजमापाशिवाय मात्र यातलं काहीच करू नका, हा माझा आग्रह आहे. आधी जुन्या कर्नलवर प्रतिसादाचा विलंब मोजणारा 'सायक्लिकटेस्ट' प्रोग्रॅम चालवा, तेही मशीनवर पूर्ण लोड टाकून. रिकाम्या मशीनवरचे आकडे फसवे असतात. त्यात सरासरीपेक्षा कमाल विलंब बघा. मग नव्या कर्नलवर तोच लोड, तोच गव्हर्नर. एप्रिल-मे मध्ये लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो, तेव्हा पंख्याखालची सकाळची चाचणी आणि दुपारची चाचणी एकमेकींशी ताडून पाहू नका.

नोकरीच्या दृष्टीने विचाराल तर मेन्यूमधल्या प्रत्येक पर्यायाचा मदतीचा मजकूर वाचण्याची सवय लावा. पुण्यातल्या एम्बेडेड आणि ऑटोमोटिव्ह कामांत हेच लागतं: कोणता पर्याय का निवडला आणि त्याने काय बदललं, हे आकड्यांसह सांगता येणं.

आणि कारखान्यात असा कर्नल बसवलात तर त्याचे सुरक्षा अपडेट डिस्ट्रो देणार नाही, ते तुम्हालाच बांधून द्यावे लागतील. म्हणून ६.१२ सारखी दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखाच घ्या, आणि कॉन्फिग फाइल गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा.