रासायनिक अभिक्रियेतला ऊर्जेचा हिशेब कसा मांडावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं दर वर्षी हाच धडा घेऊन माझ्याकडे येतात. व्याख्या तोंडपाठ असतात; उष्णता आली कुठून, असं विचारलं की सगळी गप्प.

आधी स्वतः करून बघा. पेल्यात लिंबाचा रस घ्या, थर्मामीटर बुडवा आणि चमचाभर खाण्याचा सोडा टाका. फसफसतानाच पारा खाली उतरतो. ही उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषून घेणारी अभिक्रिया. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो ३५ अंशांखालचं दाखवत नाही. उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, बघायची तर घराला चुना देण्यासाठी चुनकळी विझवताना बघा, पण लांबून. डोळ्यांत उडाली तर नजर जाऊ शकते. फवारणीसाठी युरिया कालवला की बादली गार पडते, हे उदाहरण मात्र अभिक्रिया म्हणून देऊ नका. युरिया नुसता विरघळतो, नवा पदार्थ होत नाही.

आता खरी अडचण, ती बंधांची, म्हणजे अणूंना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या जोडांची. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असं वहीत लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. मीही तेच पाठ केलं होतं आणि बारावीपर्यंत प्रत्येक गणितात चिन्ह उलटं टाकत गेलो. बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते आणि बंध जुळताना ती सुटतेच. याला अपवाद नाही. जुन्या स्पीकरमधली दोन लोहचुंबकं चिकटवून बघा. ओढून काढताना बोटं दुखतात; जवळ आणली की टक्कन आपोआप बसतात.

मग खर्च आणि जमा असे दोन रकाने आखा. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड होताना हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६ आणि क्लोरीनचा तोडायला २४३ किलोज्यूल लागतात. खर्च ६७९. नवे बंध दोन, प्रत्येकी ४३२, म्हणजे जमा ८६४. इथे बहुतेक जण एकच बंध धरतात आणि फसतात. खर्चातून जमा वजा करा, याच क्रमाने: उणे १८५. उणे आलं, म्हणजे तेवढी ऊर्जा बाहेर पडली.

एवढं पटलं की गुऱ्हाळातली चुलवाणही कळते. चिपाडाचा ढीग दिवसभर उन्हात पडून असतो, तरी पेटत नाही, कारण सुरुवातीचे बंध तोडायला पहिली काडी लावावीच लागते. एकदा पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे घट्ट बंध जुळू लागले की त्यातून सुटणारी ऊर्जाच पुढचं चिपाड पेटवते. जाळ घालणाऱ्याला मग दुसरी काडी ओढावी लागत नाही.